बिग टिंबर : एका गोळीच्या बंदुकीचे गाव

अमेरिकेच्या मोन्टाना राज्यातील एक चिमुकले गाव. दीडशे वर्षांपूर्वीची, एका वेळी एकच गोळी उडवणारी बंदूक तिथे आजही नव्याने घडवली जाते. या बंदुकीने एक सबंध माळरान रिकामे केले होते. त्या माळरानाच्या काठावर आज तिचे कारागीर शांतपणे कानस चालवत असतात.

बिलिंग्ज हे मोन्टानातील सर्वांत मोठे शहर. ते मागे टाकून हमरस्त्याने पश्चिमेकडे निघाले, की यलोस्टोन नदी सोबतीला येते. कधी ती या हाताला असते, तर कधी त्या हाताला. दोन्ही बाजूंना गवताची अफाट कुरणे, मधूनच एखादे शेतघर, लाकडी कुंपणाआड चरणारी गुरे आणि डोक्यावर भलेमोठे आकाश. मोन्टानाचे लोक आपल्या राज्याला 'मोठ्या आकाशाचा मुलूख' म्हणतात, ते इथे आल्यावर पटते. शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले, की क्षितिजावर दातेरी शिखरांची एक रांग वर येते. तिचे नाव क्रेझी माउंटन्स, म्हणजे चक्क 'वेडे डोंगर'! सर्वांत उंच शिखर ११,२०० फुटांच्या वर. जून महिना उजाडला तरी माथ्यावरचा बर्फ पुरता वितळलेला नसतो.

या डोंगरांच्या पायथ्याशी, बोल्डर नदी यलोस्टोनला मिळते त्या संगमाजवळ बिग टिंबर वसले आहे. 'टिंबर' म्हणजे झाडी. नदीकाठच्या उंच कॉटनवूड वृक्षांवरून गावाला हे नाव पडले. भोवतीच्या उघड्या माळावर तेवढीच काय ती सावली, तेव्हा प्रवाशांना तिचे अप्रूप वाटले असल्यास नवल नाही. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेला कॅप्टन क्लार्क जुलै १८०६ मध्ये याच वाटेने गेला होता.

२०२० च्या जनगणनेत गावची लोकसंख्या भरली १,६५०. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून अधिक माणसे राहतात! मॅक्लाउड स्ट्रीट हा मुख्य रस्ता. त्यावर १८९० साली बांधलेले 'ग्रँड हॉटेल' आजही उभे आहे. गावात एक छोटे संग्रहालय आहे. त्यात १९०७ सालच्या बिग टिंबरची लहानशी प्रतिकृती मांडली आहे. लोकरीच्या व्यापारावर गाव भरभराटीला आले, त्या दिवसांची ती आठवण. माशांच्या पैदाशीचे एक सरकारी केंद्रही इथे आहे. तिथे यलोस्टोन नदीच्या मूळ ट्राउट माशांचे बीज सांभाळले जाते. गावाबाहेर थोड्या अंतरावर जमिनीत बिळे करून राहणाऱ्या 'प्रेअरी डॉग' नावाच्या खारीसारख्या प्राण्यांची वसाहत आहे. मुलांना घेऊन येणारे प्रवासी तिथे हमखास थांबतात.

पण जगातल्या जुन्या बंदुकांच्या शौकिनांना बिग टिंबरचे नाव ठाऊक आहे ते वेगळ्याच कारणाने. इथल्या सेंटेनियल ड्राइव्ह या एकाच रस्त्यावर दोन कारखाने आहेत. एक 'शायलो रायफल मॅन्युफॅक्चरिंग' आणि दुसरा 'सी. शार्प्स आर्म्स'. दोघांचा मुख्य माल एकच : शार्प्स रायफल, नमुना १८७४.

ठोकळा खाली, काडतूस आत

ठासणीची बंदूक आपल्याला माहीत आहे. निदान आजोबांच्या गोष्टींतून किंवा किल्ल्यावरच्या संग्रहालयातून ती भेटलेली असते. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालायची, गजाने ठासायची आणि मगच नेम धरायचा. हे सारे उभ्याने करावे लागे. पावसात दारू भिजे. घाईत गज नळीतच राहून जाई.

यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकात अनेकांनी बंदूक मागच्या बाजूने भरण्याच्या युक्त्या शोधल्या. अडचण एकच होती. मागची बाजू उघडी ठेवली, तर दारूचा भडका गोळीला पुढे ढकलण्याऐवजी नेम धरणाऱ्याच्याच तोंडावर येणार! म्हणजे मागे दार हवे. ते उघडायला सोपे हवे आणि बंद झाल्यावर भिंतीसारखे भक्कम हवे.

शार्प्स रायफलीचे दार म्हणजे पोलादाचा एक जाड ठोकळा. नळीच्या मागे, चौकटीतल्या खाचेत तो वर-खाली सरकतो. चापाभोवतीची कडी हीच त्याची तरफ. कडी खाली ओढली, की ठोकळा विहिरीत उतरणाऱ्या पोहऱ्यासारखा खाली जातो आणि नळीचे मागचे तोंड उघडे पडते. त्यात एक काडतूस सरकवायचे. कडी वर घेतली, की ठोकळा परत वर येऊन तोंड गच्च बंद करतो. मग अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, नेम धरायचा आणि चाप दाबायचा. दुसरी गोळी झाडायची तर हे सारे पुन्हा पहिल्यापासून. खाली पडणाऱ्या या ठोकळ्यामुळे या जातीच्या बंदुकांना इंग्रजीत 'फॉलिंग ब्लॉक' असे नाव पडले.

रचना अशी साधी. हलणारे भाग थोडे आणि प्रत्येक भाग जाडजूड. त्यामुळे मोठ्या काडतुसाचा दाब ही बंदूक सहज पेलते. तिच्या काडतुसांची नावेही हिशेबी आहेत. '४५-७०' म्हणजे गोळीचा व्यास इंचाचे ४५ शतांश आणि मूळ काडतुसात काळी दारू ७० ग्रेन, सुमारे साडेचार ग्रॅम. बंदुकीचे वजन पाच-सहा किलो, कधी त्याहूनही जास्त. खांद्यावर टाकून मैलभर चालले तर खांदा बोलू लागतो.

बंदूकवाला शार्प्स, मासेवाला शार्प्स

या बंदुकीचा जनक ख्रिश्चन शार्प्स. जन्म १८१० चा, न्यू जर्सी राज्यातला. हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारात तो जॉन हॉल या नामांकित कारागिराच्या हाताखाली शिकला. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत जसाच्या तसा बसावा, इतके तंतोतंत काम करण्याचे धडे त्याने तिथे गिरवले. १२ सप्टेंबर १८४८ रोजी त्याला खाली सरकणाऱ्या ठोकळ्याच्या युक्तीचे पेटंट मिळाले. १८५१ मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे 'शार्प्स रायफल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' उभी राहिली.

'शार्पशूटर' हा शब्द शार्प्सच्या नावावरून आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. शार्प्सच्या पेटंटच्या कितीतरी आधीपासून तो शब्द इंग्रजीत होता. पण दंतकथा चिकटावी, इतके या बंदुकीचे नाव झाले होते, हे मात्र खरे.

या नावाला एक उजळ बाजूही आहे. १८५६ च्या सुमारास कॅन्सस प्रांतात गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक यांच्यात रक्त सांडत होते. गुलामगिरीला विरोध करणाऱ्यांकडे शार्प्स बंदुका धाडल्या गेल्या. हेन्री वॉर्ड बीचर या ब्रुकलिनच्या धर्मोपदेशकाने त्यांची बाजू उघडपणे घेतली आणि लोक या बंदुकांना 'बीचरची बायबले' म्हणू लागले. १८५९ मध्ये जॉन ब्राउनने गुलामांच्या मुक्तीसाठी हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला, तेव्हा त्याच्या माणसांच्या हाती शार्प्सच होत्या. ज्या शस्त्रागारात शार्प्सने धडे घेतले, तिथेच त्याची बंदूक अशी परत आली.

स्वतः शार्प्स मात्र तोवर आपल्या नावाच्या कंपनीतून बाहेर पडला होता. अखेरच्या काळात त्याने बंदुकांचा नाद सोडला आणि कनेक्टिकटमधील व्हर्नन येथे ट्राउट माशांची शेती सुरू केली. १८७४ मध्ये क्षयाने त्याचे निधन झाले. ज्या नमुन्यामुळे त्याचे नाव आज घेतले जाते, त्यावर साल आहे तेही १८७४ च!

गवे गेले, बंदूकही गेली

इथून पुढची कहाणी काळीकुट्ट आहे आणि ती सांगितल्यावाचून बिग टिंबरची गोष्ट पुरी होत नाही.

अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या माळरानांवर एके काळी बायसनांचे, म्हणजे अमेरिकन गव्यांचे कळप फिरत. कोल्हापूरजवळ दाजीपूरच्या जंगलात दिसणारा आपला गवा वेगळा. हा अमेरिकन गवा खांद्यावर केसाळ वशिंड असलेला, थंडीवाऱ्याला तोंड देणारा. त्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात होती आणि अभ्यासकांचा अंदाज तीन कोटींच्या आसपास जातो. माळावरच्या आदिवासी जमातींचे अन्न, वस्त्र, तंबू, हत्यारे आणि देवधर्म, सारे या एका प्राण्यावर उभे होते.

१८७१ च्या सुमारास गव्याच्या कातड्यापासून कारखान्यांतल्या यंत्रांचे पट्टे करण्याइतके चांगले चामडे कमावता येऊ लागले आणि कातड्याला भाव आला. शिकाऱ्यांच्या टोळ्या माळावर उतरल्या. त्यांना हवी होती दुरून मारा करणारी, न बिघडणारी, जड गोळी उडवणारी बंदूक. शार्प्स त्या कामासाठीच जन्मल्यासारखी होती. शिकारी वाऱ्याचा अंदाज घेऊन दूर आडवा होई आणि कळपाची म्होरकी गाय आधी टिपे. म्होरकी पडली, की बाकीचे गवे पळण्याऐवजी गोंधळून तिथेच घुटमळत. मग एकेक करून सारा कळप लोळवायचा. कातडे काढायचे आणि मांस तिथेच कुजू द्यायचे. एकच गोळी बसणारी बंदूक. पण समोरचा प्राणी पळतच नसेल, तर तेवढी पुरेशी होते.

ज्यांचे पोट मारले जात होते, ते गप्प बसले नाहीत. जून १८७४ मध्ये टेक्सासमधील अडोब वॉल्स येथे कोमांची, शायान आणि कायोवा योद्ध्यांनी शिकाऱ्यांच्या तळावर हल्ला केला. तिथे बिली डिक्सन नावाच्या शिकाऱ्याने मागून घेतलेल्या शार्प्सने खूप दूरवरच्या टेकाडावरील एका योद्ध्याला घोड्यावरून पाडले. पुढे ते अंतर मोजले गेले, ते भरले १,५३८ यार्ड, म्हणजे १,४०० मीटरहून जास्त. बंदुकीचे भक्त आजही या नेमाचे गोडवे गातात. खुद्द डिक्सनने मात्र त्याचे श्रेय नशिबाला दिले होते.

दक्षिणेचे कळप आधी संपले. मग पाळी आली उत्तरेची, म्हणजे मोन्टानाची. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे यलोस्टोनच्या काठाकाठाने पुढे सरकत होती. जाताना ती शिकाऱ्यांना आणत होती आणि येताना कातड्यांचे ढीग नेत होती. सप्टेंबर १८८३ मध्ये हा लोहमार्ग पुरा झाला आणि त्याच सुमारास उत्तरेचा कळपही संपला. पुढच्या काळात माळावर उरली ती पांढरी हाडे. तीही वेचून खतासाठी आणि साखर शुद्ध करण्यासाठी पूर्वेकडे पाठवली गेली.

विल्यम हॉर्नडे या निसर्गशास्त्रज्ञाने १८८६ मध्ये संग्रहालयासाठी नमुने शोधायला मोन्टाना पालथा घातला. हा तोच हॉर्नडे, जो १८७७ च्या सुमारास हिंदुस्थानच्या जंगलांतही प्राण्यांचे नमुने गोळा करत फिरला होता. १८८९ मध्ये त्याने गव्यांची मोजदाद प्रसिद्ध केली. जगात उरलेल्या अमेरिकन गव्यांची संख्या हजाराच्या आसपास होती!

आणि बंदुकीचे काय झाले? शार्प्स कंपनी तोवर हार्टफर्डहून ब्रिजपोर्टला गेली होती. तिथे ती आपल्या नळ्यांवर 'ओल्ड रिलायबल', म्हणजे 'जुनी भरवशाची' असा शिक्का मारी. पण एकापाठोपाठ एक अनेक गोळ्या झाडणाऱ्या बंदुका बाजारात आल्या आणि गवे उरले नाहीत. १८८१ मध्ये कंपनीला टाळे लागले. हार्टफर्डच्या जुन्या कारखान्यात त्याआधीच शिवणयंत्रे आणि सायकली बनू लागल्या होत्या. ज्याच्यावर धंदा चालला तोच प्राणी संपवून धंदाही संपला.

डोंगरावर पडलेले स्वप्न

बिग टिंबरमधून उत्तरेला पाहिले, की क्रेझी माउंटन्स दिसतात. हा सारा परिसर क्रो, त्यांच्या स्वतःच्या भाषेत अप्सालोके, लोकांचा. हे डोंगर त्यांना पवित्र. तरुण मुले उपास करून, एकट्याने त्या माथ्यांवर राहत आणि आयुष्याला दिशा देणाऱ्या दृष्टांताची वाट पाहत.

१८४८ मध्ये, म्हणजे शार्प्सला पेटंट मिळाले त्याच वर्षी, या लोकांत एक मुलगा जन्मला. पुढे तो प्लेंटी कू या नावाने क्रो लोकांचा मोठा प्रमुख झाला. लहान वयातच तो या डोंगरांवर उपासाला बसला आणि त्याला एक स्वप्न पडले. जमिनीतल्या एका विवरातून गवे बाहेर येत आहेत. अगणित, माळ काळा होईपर्यंत. मग ते एकाएकी दिसेनासे होतात. त्याच विवरातून दुसरेच प्राणी येऊ लागतात. त्यांचे रंग ठिपकेदार, शेपट्या निराळ्या. मुलाने असे प्राणी कधी पाहिले नव्हते. वडीलधाऱ्यांनी अर्थ सांगितला : गवे जातील आणि गोऱ्यांची गुरे येतील. स्वप्नाच्या शेवटी वादळात सारे अरण्य आडवे होते. एकच झाड उभे राहते आणि त्यावर एक चिमणीएवढा पक्षी असतो. हा पक्षी दुबळा, पण कान देऊन ऐकणारा आणि दुसऱ्यांकडून शिकणारा. तसे वागाल तर तगाल, असा त्याचा अर्थ लावला गेला.

ही कहाणी प्लेंटी कूने म्हातारपणी फ्रँक लिंडरमन या लेखकाला सांगितली आणि १९३० मध्ये ती पुस्तकरूपाने आली. गवे गेल्यानंतरच्या आयुष्याबद्दल मात्र तो फारसे बोलायलाच तयार नव्हता. सांगण्यासारखे पुढे काही उरलेच नाही, अशी त्याची भावना होती. १९३२ मध्ये तो वारला.

आज हमरस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना जी गुरे चरताना दिसतात, ती त्या मुलाने स्वप्नात पाहिलेली गुरे.

शंभर वर्षांनी परत

१९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील फार्मिंगडेल येथे काही कारागिरांनी शार्प्स रायफल पुन्हा घडवायला घेतली. जुन्या बंदुका संग्राहकांच्या कपाटांत गेल्या होत्या आणि त्यांच्या किमती चढत होत्या. मूळ बंदुकीशी इमान राखणारी नवी बंदूक मिळाली तर घेणारे आहेत, हे त्यांनी ओळखले. १९८३ मध्ये हा कारखाना न्यूयॉर्कहून उठून बिग टिंबरला आला. उत्तरेचा शेवटचा कळप संपला त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

पुढे शायलो आणि सी. शार्प्स ही दोन स्वतंत्र घराणी झाली. शायलो १९९१ मध्ये ब्रायन कुटुंबाने विकत घेतली. सी. शार्प्सने १८७४ च्या नमुन्याबरोबर 'हाय वॉल' ही दुसरी बंदूकही घडवली. तिचा ठोकळाही खालीच सरकतो, पण जन्मकथा निराळी. युटा राज्यातील ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंग या तरुणाने वडिलांच्या दुकानात ती कल्पिली आणि १८७९ मध्ये पेटंट मिळवले. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा अधिकारी त्याचे दुकान शोधत आला आणि ८,००० डॉलर देऊन हक्क विकत घेऊन गेला. १८८५ चा विंचेस्टर नमुना तो हाच.

बिग टिंबरला खरी प्रसिद्धी मिळाली ती सिनेमामुळे. १९९० मध्ये 'क्विग्ली डाउन अंडर' हा चित्रपट आला. टॉम सेलेक या नटाने त्यात ऑस्ट्रेलियात गेलेल्या अमेरिकन नेमबाजाचे काम केले आणि त्याच्या हातातली लांब नळीची शार्प्स होती शायलोने बनवलेली. या क्विग्लीला ऑस्ट्रेलियातील आदिवासींना दुरून टिपण्यासाठी कामावर बोलावलेले असते. ते कळताच तो मालकावर उलटतो. गोष्ट कल्पित खरी, पण शार्प्सच्या खऱ्या इतिहासावरचे पांघरूण तिने नकळत थोडे उचलले. चित्रपट पाहून मागणी इतकी वाढली, की ग्राहकांच्या रांगा वर्षांवर गेल्या.

घाई नसलेले काम

अशी एक बंदूक घडायला इतका वेळ का लागतो? पोलादाची चौकट ओतण्यासाठी आधी मेणाची प्रतिकृती करतात. तिच्यावर चिकणमातीसारख्या लगद्याचे थर चढवतात. मेण वितळवून काढले, की पोकळ साचा उरतो आणि त्यात पोलाद ओततात. बस्तरचे ढोकरा कारागीर पितळेच्या मूर्ती घडवतात, त्यामागचे तत्त्व हेच. पुढे यंत्रावर काम होते, पण यंत्रावरून उतरलेला ठोकळा खाचेत बसवायचा तो हातानेच. सैल राहिला तर धूर मागे येईल, घट्ट झाला तर सरकणार नाही. कानशीचा एक हात कमी की जास्त, हे मापाने नव्हे, बोटांनी ठरते.

नळी बहुधा अष्टकोनी असते. तिच्या आतून फिरत जाणारे खोबण पाडतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. लाकडाची नक्षी ग्राहक स्वतः निवडतो. पोलाद आणि लाकूड यांच्या सांध्यात कागदाची कड जाता कामा नये, ही कसोटी.

सर्वांत देखणा भाग रंगाचा. चौकटीचे सुटे भाग लाकडाच्या आणि हाडांच्या कोळशात पुरून तापवतात आणि मग एकदम पाण्यात सोडतात. पोलादाची कातडी टणक होते आणि तिच्यावर निळ्या, तपकिरी, राखी छटांचे ढग उमटतात. एका बंदुकीवरचे ढग दुसरीवर कधीच सापडत नाहीत. माळावरच्या गव्यांची हाडे साखर कारखान्यांत गेली, तीही कोळसा करण्यासाठीच. आजची हाडे गव्यांची नसतात, पण ज्याला तो इतिहास ठाऊक आहे, त्याला या रंगांकडे पाहताना त्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

अशा एका बंदुकीला काही हजार डॉलर पडतात आणि मागणी नोंदवल्यावर महिनोन् महिने, पुष्कळदा वर्षाहूनही अधिक वाट पाहावी लागते. इटलीतील गार्दोने व्हाल ट्रॉम्पिया या बंदूकवाल्यांच्या गावात पेदेर्सोली कंपनी शार्प्सच्या नकला करते. त्या स्वस्तात आणि लवकर मिळतात. तरीही बिग टिंबरची रांग संपत नाही.

गावाच्या दृष्टीने ही रांग मोलाची आहे. सोळाशे वस्तीच्या गावात शिकून बाहेर पडलेली मुले परत येतीलच असे नाही. मेंढपाळी पूर्वीसारखी राहिलेली नाही. गावाच्या दक्षिणेला बोल्डर नदीच्या खोऱ्यात पॅलेडियम धातूची मोठी खाण आहे. पण २०२४ मध्ये धातूचे भाव कोसळले आणि मोन्टानातील या खाणधंद्यात सुमारे ७०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर झाले. जगाच्या बाजारात कुठे काही हलले, की इथल्या चुली हलतात. अशा गावात, हाताने बसवलेल्या ठोकळ्यावर चालणारी दोन घरे चाळीस वर्षे टिकतात, ही लहान गोष्ट नव्हे.

लोखंडाचे गवे

या बंदुका घेणारे लोक तिचे करतात काय? काही जण शिकार करतात. पण मोठा भाग नेमबाजीच्या मेळ्यांना जातो. त्यांतला प्रसिद्ध मेळा यलोस्टोनच्याच काठी, बिग टिंबरपासून तीनेकशे किलोमीटर पूर्वेला फोर्सिथ गावाबाहेर दर जूनमध्ये भरतो. नाव अर्थात 'क्विग्ली'! शेकडो नेमबाज तंबू-गाड्या घेऊन येतात. आजोबा, वडील आणि नातू शेजारी शेजारी गवतावर बसतात. टेकडीवर लोखंडी पत्र्याची लक्ष्ये उभी असतात. सर्वांत जवळचे ३५० यार्डांवर, सर्वांत लांबचे ८०५ यार्डांवर.

इतक्या अंतरावर जड, संथ गोळी पोचायला दोनेक सेकंद लागतात. आधी आवाज होतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, मग काही क्षण शांतता. त्यानंतर दुरून घंटेसारखा 'ठण्' असा आवाज परत येतो, किंवा येत नाही. वारा जरा वळला तरी गोळी हातभर बाजूला जाते. म्हणून नेमबाज गवताची पाती बघत बसतात. दुसरी गोळी हाताशी तयार नसल्याने पहिलीचाच विचार करावा लागतो. या बंदुकीचे खरे आकर्षण हेच, असे तिचे शौकीन मानतात. लक्ष्यांपैकी एक गव्याच्या आकाराचे असते. तो गवा गोळी लागूनही पुढच्या वर्षी तिथेच उभा असतो.

नदीच्या वरच्या अंगाला

बिग टिंबरला जायचे तर बिलिंग्ज किंवा बोझमनच्या विमानतळावर उतरावे. दोन्हीकडून मोटारीने एक-दीड तासाचा रस्ता. जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम, पण वारा सोसण्याची तयारी हवी. दक्षिणेला बोल्डर नदीकाठी 'नॅचरल ब्रिज' नावाचा धबधबा आहे, तो चुकवू नये.

मात्र इथवर आलेल्याने आणखी एक प्रवास करावा. यलोस्टोन नदीच्या प्रवाहाविरुद्ध, लिव्हिंगस्टनवरून गार्डिनरपर्यंत. अंतर सुमारे १४० किलोमीटर. तिथे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे उत्तरेचे दार आहे. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात १९०२ साली जेमतेम दोन डझन रानगवे उरले होते. त्यांना जपले, बाहेरून थोडे आणून वाढवले. अलीकडच्या वर्षांत त्यांची संख्या चार ते सहा हजारांच्या दरम्यान राहिली आहे. २०१६ मध्ये अमेरिकेने गव्याला राष्ट्रीय सस्तन प्राण्याचा मान दिला. इथले काही गवे आदिवासी जमातींच्या भूमीवरही पाठवले जातात. क्रो लोकांच्या राखीव प्रदेशात आज पुन्हा गव्यांचा कळप आहे. प्लेंटी कूच्या स्वप्नात दिसेनासे झालेले गवे थोडे का होईना, परत आले आहेत.

बंदूक परत आली, गवाही परत आला. दोघे एकाच नदीच्या काठी, दीडशे किलोमीटरच्या आत. बंदूक चांगली की वाईट, याचा निवाडा कारागिराची कानस करू शकत नाही. तिने गुलामांच्या मुक्तीसाठी लढणाऱ्यांना साथ दिली आणि तिनेच एका लोकसमूहाचे ताट रिकामे केले. कारागीर एवढेच करू शकतो, की ती खोटी न घडवता खरी घडवावी. इतिहास लक्षात ठेवायचा, ही जबाबदारी ती हातात घेणाऱ्याची.

हिवाळ्यात गार्डिनरजवळ बर्फ पडला, की गवे उतरून रस्त्यावर येतात. मोटारींची रांग लागते. अंगावर बर्फ साचलेला एक गवा, त्यामागे दुसरा, मग तिसरा, सावकाश रस्ता ओलांडत असतात. कोणी भोंगा वाजवत नाही. चालक गाडी बंद करतात, मुले काचेला नाक लावतात आणि शेवटचा गवा पलीकडे जाईपर्यंत सगळे थांबून राहतात.